पायावरची फुली

“माऊली, पायाला हात नका लावू.”

अँजिओग्राफी करून नुकतंच वॉर्डात आणलेल्या बाबांनी असं म्हणत उजवा पाय आखडून घ्यायला सुरुवात केली आणि मी घाईघाईने त्यांचा गुडघा खाली दाबला. मनगटाची धमनी बारीक आणि वेडीवाकडी निघाल्यामुळे डॉक्टरांना जांघेतून जावं लागलं होतं. तिथे धमनीत घातलेली नळी, म्हणजे शीथ, काढून, वीस मिनिटं हाताने दाबून धरून, वर घट्ट पट्टी मारली होती. आता सहा तास हा पाय वाकवायचा नाही, उशीवरून मानही उचलायची नाही, हे त्यांना आणि त्यांच्या मुलाला दोनदा सांगून झालं होतं. पण गळ्यात तुळशीची माळ आणि पाठीशी चाळीसेक वर्षांची वारी असलेल्या माणसाला, कुणी आपल्या पायाला हात लावतंय आणि आपण नुसतं पडून आहोत, हे सहन होईना.

“बाबा, मी पाया पडत नाहीये. नाडी बघतेय.”

“नाडी हाताला असती की.”

“पायालाही असते. जांघेत टोचलंय ना, मग खाली रक्त नीट पोचतंय का ते बघावं लागतं.”

पायाचा अंगठा वर उचलला की पावलावर एक कंडरा दोरीसारखा ताठ उभा राहतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या हाडांमधल्या खोबणीत दोन-तीन बोटं टेकवायची आणि थांबायचं. जोरात दाबलं तर धमनी आपणच बंद करतो, आणि मग आपल्या बोटातली धडधड रुग्णाची समजून बसतो. फार हलकं ठेवलं तर काहीच लागत नाही. काही माणसांत ही नाडी जन्मतःच लागत नाही. तेव्हा आतल्या घोट्यामागे शोधायची. म्हणून अँजिओला पाठवण्याआधीच दोन्ही पाय तपासून ठेवायचे, आणि जिथे नाडी लागली तिथे पेनने एक छोटी फुली मारायची. परत आल्यावर बोट थेट फुलीवर.

पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी, दुसऱ्या तासात दर अर्ध्या तासाने, मग तासातासाला. म्हणजे सहा तासांत दहा वेळा. हे गणित मी कधी केलं नव्हतं, ते बाबांनी केलं. वारीत कुणी आपल्या पायाला हात लावला की आपणही त्याच्या पायाला लावायचा, लहान-मोठा बघायचा नाही, ही त्यांची रीत. आणि इथे फेडायची सोय नाही. “तुमी लावताय अन् मी आडवा. माझ्यावर चढतंया हे,” असं ते म्हणाले. प्रत्येक वेळी मी हात लावला की ते दोन्ही हात जोडून कपाळाला टेकवायचे. शेवटच्या वेळी मी पांघरूण सारखं केलं तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, “धा झाले.”

मी बावीस वर्षं हृदयरोग विभागात काम करते आहे, आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयात. हृदयाची सिस्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मॉनिटर येतो, त्यावरची हिरवी रेघ येते. ते खोटं नाही. ती रेघ वाचता येणं हा आमच्या कामाचा पाया आहे. पण इतक्या वर्षांनी माझा अनुभव असा आहे की रेघ हृदयात वीज कशी धावते ते सांगते. त्या हृदयाने ढकललेलं रक्त माणसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलं की नाही, हे पाय सांगतात. म्हणून ड्युटीवर आले की मी मॉनिटर बघत बघत खाटेच्या पायथ्याशी जाते आणि पांघरूण बाजूला करते.

ही सवय मला नर्सिंगच्या शाळेत लागली नाही. ती एका चुकीतून लागली. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर नाही.

साल २००४. तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते आणि मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. त्या काळी जवळजवळ सगळ्या अँजिओग्राफी जांघेतूनच व्हायच्या. डिसेंबरची थंडी, नाईट ड्युटी, तीस खाटा आणि आम्ही दोघी. पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या एक काकू संध्याकाळी अँजिओ होऊन आल्या होत्या. मी नऊला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा, घेतली ती टेबलापाशी बसून, चार्ट बघून. सात वाजता पायाची नाडी ‘फेल्ट’, आठला ‘फेल्ट’, नऊला ‘फेल्ट’. सगळं नीट. त्यानंतर चार नंबरच्या रुग्णाचं हृदय थांबलं. त्याच्यावर पाऊण तास गेला. त्या गडबडीतून बाहेर आल्यावर मी काकूंचा दहाचा आणि अकराचा रकाना भरला. वरच्या ओळीत जे होतं तेच खाली उतरवलं.

अकराला त्यांच्याजवळून जाताना त्या म्हणाल्या होत्या, “सिस्टर, पायाला मुंग्या येतायत.” मी म्हणाले, एका जागी ठेवलाय ना, म्हणून. त्यांच्या पायात लोकरी मोजे होते. मी ते काढले नाहीत.

सव्वाबाराला त्यांनी स्वतःहून हाक मारली. म्हणाल्या, “हा पाय माझा वाटतच नाही हो.”

मोजा काढला. पाऊल चुन्यासारखं पांढरं. पोटरीच्या मध्यापर्यंत गार. नाडी कुठेच लागत नव्हती. ना पावलावर, ना घोट्यामागे, ना गुडघ्यामागे. परिचर्येच्या पुस्तकात ही लक्षणं आम्ही सहा ‘पी’ म्हणून पाठ केली होती. वेदना, फिकटपणा, नाडी नसणं, मुंग्या, थंडपणा, हालचाल जाणं. परीक्षेत मी ती क्रमाने लिहिली होती. आणि मुंग्यांबद्दल एक बाई मला तोंडाने सांगत असताना मला ती आठवली नव्हती.

रक्त थांबल्यावर पायाच्या स्नायूंना आणि नसांना साधारण सहा तासांची मुदत असते. कॉलवरचे सर्जन वीस मिनिटांत आले. हेपॅरिन दिलं, ओटी उघडली, आणि जांघेतून बारीक फुगा असलेली नळी आत सोडून गुठळी ओढून काढली. त्या नळीला फोगार्टी कॅथेटर म्हणतात. ती शोधणारे थॉमस फोगार्टी हे अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या रुग्णालयात पोरवयात शस्त्रक्रियेची हत्यारं हातात देण्याचं काम करत. पाय कापले जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शिकत असतानाच त्यांनी रबरी हातमोज्याचं एक बोट कापून ते लघवीच्या नळीच्या टोकाला बांधलं, माशांच्या गळाला बांधतात तशा गाठींनी. १९६३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बंद गुठळीच्या पलीकडे नळी न्यायची, मग फुगा फुगवायचा आणि मागे ओढायचा, एवढंच. ही हकिगत मी नंतर वाचली आणि मला ती फार जवळची वाटली. खाटेपाशी उभ्या असणाऱ्या, हाताखालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाने पाहिलेल्या दुःखातून ती नळी आली होती.

काकूंचा पाय वाचला. पण पाऊल वर उचलणारी नस अर्धवटच सावरली. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायची. नंतर त्या ओपीडीत यायच्या त्या मागे पट्टा असलेली सँडल घालून.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की माझ्यावर कुणाचं बोट उठलं नाही, कारण माझे कागद चोख होते. त्या चार्टवर अकरा वाजेपर्यंत काकूंचा पाय ठणठणीत होता. सकाळी इन्चार्ज सिस्टर आल्यावर मी त्यांना खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या, तिथून काकूंच्या मुलाकडे. मी त्याला म्हणाले, दहाला आणि अकराला मी पाय बघितला नव्हता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मोजे मीच घातले होते, थंडी होती म्हणून.”

माझ्या वाटणीचा दोष त्याने स्वतःकडे घेतला. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

इन्चार्ज सिस्टर संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, “लिहिलेलं वाचून लिहायचं नाही. आणि उद्यापासून ओव्हर टेबलावर नाही, खाटेपाशी.” दुसऱ्या दिवसापासून देणारी आणि घेणारी अशा दोघी पायथ्याशी उभ्या राहू लागल्या. फुली मारायची पद्धतही तेव्हाच सुरू झाली.

याच बाईंनी मला रोझ पिनिओ हे नाव सांगितलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांनी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष केला. त्यातली परिचर्या रोझ पिनिओ यांनी उभी केली. हृदयाची लय बिघडून रक्त थांबलं की मेंदूच्या हातात तीन-चार मिनिटं असतात, आणि तेवढ्यात डॉक्टर जिना चढून येऊ शकत नाही. तेव्हा खाटेपाशी जी असेल तिलाच ईसीजी वाचता आला पाहिजे, आणि विजेचा झटका द्यायचा तोही तिनेच. त्याआधी ही गोष्ट सहसा परिचारिकेच्या हातात दिली जात नव्हती. १९६५ मध्ये त्या दोघांनी एका सहकाऱ्यासह परिचारिकांसाठी त्याचं पुस्तकच लिहिलं. आज आपल्या तालुक्यातालुक्यांत ‘आयसीयू’च्या पाट्या लागल्या आहेत. यंत्रं आली, पण ही मूळ गोष्ट मागे राहते: असा कक्ष उभा राहतो तो तिथे शिकलेली, डोळे उघडे ठेवणारी सिस्टर असते म्हणून. दहा खाटांना एक सिस्टर ठेवून त्या जागेला अतिदक्षता म्हणणं मला पटत नाही, आणि मी ते जिथे बोलता येईल तिथे बोलते.

शीथ काढल्यावर जांघ दाबून धरायची ती वीस मिनिटं फार वेगळी असतात. हात हलवायचा नाही, नजर मॉनिटरवर, कारण त्या दाबाने कधी कधी नाडी अचानक तीस-चाळीसवर येते, माणूस घामाघूम होतो. अॅट्रोपीनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवलेली असते. बाकी करायला काही नसतं. मग माणसं बोलतात. पूर्वी त्या वीस मिनिटांत मी बैल विकल्याचं ऐकायची, सोसायटीच्या कर्जाचं, मुलीचं लग्न पुढे ढकलल्याचं. २ जुलै २०१२ ला राज्यात आठ जिल्ह्यांत मोफत उपचारांची जीवनदायी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सगळीकडे आली. आता तिला महात्मा फुले यांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी अजून ‘जीवनदायी’च. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. हे मला कुठल्या परिपत्रकातून कळण्याआधी रुग्णांच्या बोलण्यातून कळलं. हळूहळू त्या वीस मिनिटांत बैल कमी झाले आणि “ऊस कधी तुटंल कुणास ठाऊक” असलं नेहमीचं बोलणं वाढलं.

पाय दुसरी एक गोष्ट सांगतात ती सुजेची.

हृदयाचा पंप कमजोर झाला की पाणी मागे साठतं, आणि चालत्या-फिरत्या माणसात ते सगळ्यात आधी घोट्यांत उतरतं. नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरायचा आणि सोडायचा. खड्डा पडला, आणि तो भरायला वेळ लागला, तर छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधीच अर्धी गोष्ट कळलेली असते. मग विचारायचं, रात्री आडवं झोपता येतं का? आमच्याकडे उशा मोजून भागत नाही. “भिंतीला वाकळ लावून टेकते,” असं उत्तर आलं की समजायचं.

एक बाई अशा सहा महिन्यांत चार वेळा भरती झाल्या. पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या. दरवेळी त्याच सुजेने, त्याच धापेने यायच्या, इंजेक्शनने चार दिवसांत पाणी उतरायचं, घरी जायच्या, आणि महिन्याभरात परत. केस पेपरवर एकाने लिहिलं होतं, ‘औषधं नियमित घेत नाही.’ आम्हीही तेच म्हणत होतो. मीठ कमी करा, पापड-लोणचं बंद, पाणी दीड लिटर, गोळी चुकवू नका. त्या मान हलवायच्या.

चौथ्या वेळी त्यांचे पाय पुसता पुसता मी विचारलं, “काकी, पाण्याची गोळी सकाळी घेता ना?”

त्या इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, “भांगलायला जायचं असलं की कशी घिऊ? घेतली की घडीघडी जावं लागतंय. बांधाला आडोसा न्हाई, बाप्ये असत्यात. यष्टीनं यायचं असलं तरी तसंच.”

म्हणजे ज्या दिवशी काम, त्या दिवशी गोळी नाही. आणि ज्या दिवशी दवाखान्यात तपासायला यायचं, त्या दिवशीही गोळी नाही. भांगलणीचा हंगाम लागला की सलग दोन-दोन आठवडे नाही. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ज्यांनी ‘नियमित घेत नाही’ लिहिलं ते पुरुष डॉक्टर होते हे कारण मी पुढे करत नाही, कारण चार वेळा सल्ला देणारी मी बाईच होते.

डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलली. सकाळऐवजी दुपारी, कामावरून घरी आल्यावर. झोपायच्या आत परिणाम उतरलेला असतो, त्यामुळे रात्री उठावंही लागत नाही. वजन रोज बघायचं तर घरात काटा नाही. उपकेंद्रात जमेल तेव्हा करायचं ठरलं, पण रोजचं काय? तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या जोडव्यांकडे गेलं. सुजेमुळे ती बोटांत रुतून बसली होती, कडेने कातडी पांढरी पडली होती. म्हटलं, “काकी, सूज उतरली की रोज सकाळी उठल्यावर, पाय खाली सोडायच्या आधी, जोडवं फिरवून बघायचं. फिरतंय तोवर ठीक. अडकलं की थांबायचं नाही, दुसऱ्या दिवशी यायचं.”

यानंतर सात महिने त्या भरती झाल्या नाहीत. मग एका सोमवारी ओपीडीच्या रांगेतून बाहेर येऊन मला म्हणाल्या, “सिस्टर, कालपास्नं जोडवं फिरंना.” धाप नव्हती, आडवं झोपता येत होतं. गोळीचा डोस वाढवून त्यांना त्याच दिवशी घरी पाठवता आलं. मी मोठमोठ्या यंत्रांवर काम केलंय. त्या जोडव्याइतका आनंद मला कुठल्या आकड्याने दिलेला नाही.

रक्तवाहिन्यांच्या आजारातले पाय मात्र बघवत नाहीत. त्यात तरुण पुरुषांचे जास्त. छत्तीस वर्षांचा एक गवंडी होता. चौदाव्या वर्षापासून बिडी. आधी दोनशे पावलं चाललं की पोटरीत गोळा यायचा, मग शंभर, मग पन्नास. आला तेव्हा अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं आणि रात्री तो झोपत नसे. बसून, डावा पाय खाटेखाली लोंबकळत सोडून, हाताने गुडघा धरून डुलत राहायचा. पाय खाली सोडला की वजनाने थोडं रक्त उतरतं आणि कळ जरा कमी होते. रात्री अशी लोंबकळलेली पावलं दिसली की मला त्या खाटेवरचा आजार लांबून कळतो. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये कापलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून या आजाराचं वर्णन केलं. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तंबाखू पूर्ण सुटली तर तो थांबतो. कमी केली, हे चालत नाही. एखादीही चालत नाही.

त्याची आई गार पाय बघून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. मी वेळेवर पोचले. अशा पायाला भाजलेलं कळत नाही, आणि तिथे झालेली जखम भरत नाही; शेकाने उलट रक्ताची गरज वाढते. कापसात गुंडाळून ठेवायचा, बस. आईला हे सांगताना तिच्या दातांवर मशेरीचा काळा थर दिसला. तीही तंबाखूच, तव्यावर भाजलेली. मी तिला म्हणाले, पोराला सोड म्हणायचं तर घरातली डबी आधी जायला हवी. ती काही बोलली नाही. त्याचा अंगठा काढावा लागला. पण डिस्चार्जच्या दिवशी त्याने उशीखालचं बिडीचं बंडल माझ्या हातात दिलं. पुढे त्याचं काय झालं मला समजलं नाही. तो परत आला नाही.

बायपास होऊन आलेली माणसं विचारतात, “ऑपरेशन छातीचं, मग पायाला टाके का?” त्यांना सांगावं लागतं की पायातली एक लांब शीर काढून तिचा पूल हृदयावर बांधलाय, आणि शिरेतल्या झडपा आड येऊ नयेत म्हणून ती उलटी करून जोडतात. छातीपेक्षा पायच जास्त दुखतो अशी त्यांची तक्रार असते. पाय उंच ठेवायचा, मोजे घालायचे, आणि पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखली तर चोळायची नाही, आधी दाखवायची. चोळण्यावर आपल्या लोकांचा फार भरवसा.

चोळणं म्हटलं की सुंठ आठवते. मोठ्या झटक्यानंतर हृदय इतकं दमतं की बीपी धरत नाही. तेव्हा शरीर हातापायांचं रक्त आवरून मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. पाय गार पडतात. आधी बोटं, मग पाऊल, मग घोट्याच्या वर. गुडघ्यांवर जाळीसारखे निळसर डाग उमटतात. नॉरअॅड्रेनालिनच्या पंपावरचा आकडा आपण वाढवत असतो, आणि एक हात रुग्णाच्या नडगीवर ठेवून गारवा कुठपर्यंत चढला ते बघत असतो. बाहेर बसलेल्या बायकांना हे न सांगता कळतं. आत सोडलं की त्यांच्या पदराच्या गाठीतून सुंठीची पूड निघते आणि तळव्यांवर घासली जाते. पूर्वी मी त्यांना थांबवायची. त्या सुंठीने रक्त फिरत नाही, हे मला माहीत आहे. आता मी फक्त सलाईनची नळी बाजूला घेते, जखम नाही ना बघते, आणि त्यांना पायथ्याशी जागा करून देते. आपल्या माणसासाठी त्यांना करता येण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं.

आणि ज्यांच्याबाबतीत काहीच उपयोगी पडत नाही, त्यांच्याजवळही शेवटचं काम पायापाशीच असतं. मॉनिटरच्या तारा काढायच्या, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची. सगळ्यात शेवटी दोन्ही अंगठे जवळ घेऊन गॉजने बांधायचे. नव्या मुलींचे हात इथे थरथरतात. माझेही कधी कधी थरथरतात. एकदा असे अंगठे बांधताना पावलावर माझीच सकाळची फुली दिसली. ती स्पिरिटने पुसावी की राहू द्यावी ते मला कळेना. वॉर्डातल्या मावशी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “राहू दे बाई, घरी न्हाऊ घालतील तेव्हा जाईल.”

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक नवी सिस्टर आली. नुकतीच जीएनएम झालेली, बोलायला कमी. तिला पहिल्या आठवड्यात नाडी सापडत नव्हती. सगळ्यांच्या देखत सापडत नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून नवे लोक मान हलवतात, ते मला माहीत आहे. मी तसलीच होते. मी तिला बाजूला घेऊन २००४ची हकिगत सांगितली. सगळी, मोज्यांसकट. तिने काही विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी इव्हिनिंगची ओव्हर देत होते. सात नंबरला जांघेतून अँजिओप्लास्टी झालेले एक शिक्षक होते, पायावर माझी फुली. मी म्हणाले, डीपी (पावलावरची नाडी) फेल्ट, दोन्ही बाजूंनी सारखी, पाय गरम. तिने पांघरूण बाजूला केलं, बोटं फुलीवर ठेवली आणि गप्प उभी राहिली. बराच वेळ गेला. मागे घरी निघालेल्या दोघी घड्याळ बघत होत्या. शिक्षक मान न उचलता छताकडे बघत विचारत होते, “काही गडबड आहे का सिस्टर?”

“नाही सर, थांबा जरा,” ती म्हणाली. बोटं थोडी घोट्याकडे सरकवली, मग थोडी आत. दाब कमी केला. डोळे मिटले.

“लागली,” ती म्हणाली. “मॅडम, तुमच्या फुलीपासून जरा आतल्या बाजूला लागतेय.”

मी वाकून तिच्या बोटांशेजारी माझी बोटं ठेवली. तिचं बरोबर होतं. मी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.